हॉटेल व्यवसायात चांगला पगार नेमका कुणाला मिळतो?

दादरकर (चर्चाप्रस्ताव; पुढची उत्तरे सभासदांच्या टोपणनावांनी)

बारावीचे निकाल लागले की हॉटेल मॅनेजमेंटला जावे का, हा प्रश्न अनेक घरांत निघतो आणि चर्चा शेफच्या पांढऱ्या कोटापाशी येऊन थांबते. या क्षेत्रात पैसा नक्की आहे, पण तो ज्या पदांवर आहे त्यांची नावे बहुतेक पालकांच्या कानांवर आलेली नसतात, असे माझे मत आहे. १९५४ साली सुरू झालेली मुंबईची हॉटेल मॅनेजमेंट संस्था घ्या किंवा गोव्यात पर्वरीची. किचन, सर्व्हिस, फ्रंट ऑफिस (स्वागतकक्ष) आणि हाउसकीपिंग (खोल्यांची देखभाल) हे चार विभाग सगळीकडे शिकवले जातात, आणि पदवीनंतर चारही विभागांत सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. पुढे तो झपाट्याने वाढतो तो खोल्यांचे दर ठरवणाऱ्या रेव्हेन्यू मॅनेजरचा आणि मोठ्या कंपन्यांचे व लग्नसमारंभांचे बुकिंग आणणाऱ्या सेल्सच्या माणसांचा.

एक उदाहरण देतो. शंभर खोल्यांच्या हॉटेलात ८,००० रुपये दराने ६० खोल्या गेल्या, तर रात्रीचे उत्पन्न ४,८०,००० रुपये होते. दर ७,००० वर आणून ७५ खोल्या भरल्या, तर तेच ५,२५,००० होते. कोणत्या तारखेला दर उतरवायचा आणि कोणत्या तारखेला एक रुपयाही सोडायचा नाही, हे ज्याला कळते त्याला मालक हवा तो पगार देतो. म्हणून दोन-तीन वर्षे फ्रंट ऑफिसात काढून रेव्हेन्यूकडे वळावे, असे मी मुलांना सांगतो.

चुलीपाशी

दादरकर, तुमचा हिशेब बरोबर आहे, पण किचनमध्ये हिशेब नसतो हे तुमचे गृहीतक मला मान्य नाही. समजा, ८०० रुपये किलोने पाच किलोची सुरमई घेतली आणि डोके, काटे, शेपटी जाऊन हाती तीन किलो तुकड्या आल्या, तर त्या तुकड्यांचा खरा भाव किलोला १,३३३ रुपये पडतो. मेनूवरची किंमत ८०० धरून काढणारा शेफ हॉटेल बुडवतो. उरलेल्या डोक्याकाट्यांचे सार करून तेही ताटात आणणारा शेफ हॉटेल चालवतो. एक्झिक्युटिव्ह शेफला, म्हणजे किचनच्या प्रमुखाला, पगार मिळतो तो या नजरेचा. कॉमी (शिकाऊ स्वयंपाकी) पासून शेफ डी पार्टी (एका विभागाचा शेफ) आणि पुढे सू शेफ (उपप्रमुख) पर्यंतची वाट लांब आहे, उभे राहून पाय सुजतात, ब्रेक शिफ्टमध्ये, म्हणजे दोन तुकड्यांत विभागलेल्या पाळीत, मधले दुपारचे तीन तास ना घरचे ना कामाचे. हे सगळे खरे आहे. पण हातातली कला जगात कुठेही चालते. मुंबईत जन्मलेले, मूळ गोव्याचे फ्लॉइड कार्डोझ जीवरसायनशास्त्र शिकून स्वयंपाकाकडे वळले आणि १९९८ साली न्यूयॉर्कच्या ‘तबला’ या रेस्टॉरंटचे शेफ झाले. दर ठरवण्याचे काम तर आता बऱ्याच अंशी संगणकच करू लागला आहे.

सातवा मजला

मी हाउसकीपिंगमध्ये सुपरवायझर आहे आणि मला दोघांच्याही मांडणीवर आक्षेप आहे. दादरकरांच्या उदाहरणात ज्या १५ खोल्या जादा भरल्या, त्या १५ खोल्या म्हणजे एका रूम अटेंडंटची जवळजवळ अख्खी शिफ्ट असते. चादरी बदलणे, बाथरूम घासणे, गादीचे कोपरे उचलून दाबणे, हे सगळे पंधरा वेळा. वाढलेल्या ४५,००० रुपयांतले तिच्या वाट्याला काय येते, याचा उल्लेख कुणी करत नाही. सर्व्हिसच्या मुलांची स्थितीही फारशी वेगळी नाही. अनेक ठिकाणी सर्व्हिस चार्जमधला वाटा त्यांच्या पगाराला मोठा आधार होता. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तो बिलात आपोआप लावण्यास मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई कायम ठेवली. ग्राहकाच्या बाजूने हा निर्णय योग्यच आहे, पण तेवढी रक्कम मूळ पगारात घाला, अशी मागणी कुणी लावून धरली नाही. वरच्या दहा पदांचे पगार दाखवून मुलांना बोलवायचे आणि खालच्या नव्वदांविषयी गप्प राहायचे, हे मला पटत नाही.

दादरकर

सातवा मजला, वाटणीचा तुमचा मुद्दा न्याय्य आहे आणि त्यावर वेगळी चर्चा व्हायलाच हवी. पण मुलाने कोणती दिशा धरावी, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही; उलट खालच्या पदावर अडकून राहू नये म्हणूनच सुरुवातीपासून लक्ष कुठे ठेवावे, हे मी सांगतो आहे. आणि चुलीपाशी, संगणक दर सुचवतो हे खरे, पण पावसाळ्यात गोव्यातल्या रिकाम्या खोल्यांसाठी कुणाशी करार करायचा, हे अजून माणूसच ठरवतो.

सासष्टीकर

या चर्चेत जहाजांचा विषय आलाच नाही, याचे आश्चर्य वाटले. आमच्या गोव्यातल्या सासष्टीत तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, नाही असे गाव विरळा, आणि कित्येक घरे क्रूझवरच्या गॅलीतल्या (जहाजाच्या स्वयंपाकघरातल्या) व डायनिंग हॉलमधल्या पगारावर उभी राहिली आहेत. पगार डॉलरमध्ये, राहणे-जेवणे कंपनीचे, आणि आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिल्यास, अनिवासी म्हणून परदेशी जहाजावरच्या त्या पगारावर सहसा येथे कर लागत नाही. त्याच वयाच्या किनाऱ्यावरच्या वेटरची शिल्लक याच्या जवळपासही जात नाही.

चुलीपाशी

शिल्लक दिसते, कारण सहा ते नऊ महिने खर्च करायला वेळच नसतो. आठवड्याची सुट्टी नाही, दोन करारांच्या मधल्या काळात बहुतेकांना पगार नाही, आणि दहा वर्षांनी परतलेल्या माणसाला इथली हॉटेले पुन्हा खालच्या पायरीवर उभे करतात. याला करिअर म्हणावे का, याचा विचार व्हावा.

सासष्टीकर

ज्याने त्या दहा वर्षांत घर बांधले आणि बहिणीचे शिक्षण केले, त्याला हा प्रश्न विचारून पाहा. धोका मला दुसरीकडे दिसतो. नोकरी लावून देतो म्हणून लाखो रुपये मागणारे दलाल मुंबईपासून मडगावपर्यंत पसरले आहेत. भरती करणाऱ्या संस्थेला केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि नोकरी देण्याबद्दल उमेदवाराकडून शुल्क घेण्यास तिला मनाई आहे. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाची नोंदपुस्तिका), वैद्यकीय तपासणी आणि एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय नियमांनुसारचे सुरक्षा प्रशिक्षण यांचा खर्च आपला असू शकतो. त्यापलीकडे कुणी पैसे मागितले, तर महासंचालनालयाच्या संकेतस्थळावरच्या यादीत परवाना क्रमांक तपासावा आणि तो सापडला नाही तर एकही कागद त्याच्या हाती देऊ नये.