'ननान्दृ' शब्दाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात नागपुरात, आमच्या महाल भागातल्या घरी पुतण्याचं लग्न आहे. नव्या सुनेच्या स्वागताला चार शब्द बोलायचं काम माझ्याकडे आलंय. ऋग्वेदातल्या विवाहसूक्तातली (१०.८५.४६) 'ननान्दरि सम्राज्ञी भव' ही ओळ घ्यायची ठरवलीय. ननान्दृ म्हणजे आपली नणंद.

अडलंय ते व्युत्पत्तीशी. परंपरेत 'न नन्दति' अशी फोड सांगतात, म्हणजे कितीही करा, जी खूश होत नाही ती. माझी नणंद माझ्या दोन्ही बाळंतपणांत सव्वा-सव्वा महिना माझ्याजवळ राहिली, पहाटे उठून शेक-शेगडी तिनंच केली. तिच्यासमोर ही फोड सांगायला माझी जीभ रेटत नाही. ऋग्वेदात 'नना' हा शब्द आईसाठी आलाय. ननान्दृ तशाच बाळबोलीतून आला असावा, असं काही अभ्यासक मानतात. मला तेच पटतं. याला आणखी आधार आहे का?

दुसरं व्याकरणाचं. स्वसृचं (म्हणजे बहीण) द्विवचन स्वसारौ, तिथे 'सा' दीर्घ, पण ननान्दृचं ननान्दरौ, तिथे 'द' ऱ्हस्वच. असा दीर्घ सांगणाऱ्या पाणिनीच्या ६.४.११ या सूत्रात स्वसृ, नप्तृ (नातू) नावानिशी आहेत, ननान्दृ नाही, इथवर कळलं. पण मातरौ, दुहितरौ, यातरौ (यातृ म्हणजे आपली जाऊ) सगळ्या ऱ्हस्व, मग बायकांच्या या नात्यांत एकट्या बहिणीलाच दीर्घ का?

रामटेकच्या संस्कृत विद्यापीठात शिकलेलं कुणी इथे असेल, तर कृपया सविस्तर लिहा. भाषण अजून अर्धंच झालंय.