अभिवचनावर हक्क सांगायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

नवी_पालवी

सर्वांना सलाम. "वचन धरा, हक्कानं मागा, क्लेम करा" हे प्रार्थनासभेत नेहमी कानावर पडतं. पण करायचं काय, हे कोणी उलगडून सांगत नाही. माझे तीन प्रश्न आहेत.

बायबलमधलं यिर्मया २९:११ (तुमच्या हिताचेच संकल्प मी करतो, असं देवाचं वचन) बाबेलातल्या बंदिवानांना लिहिलेलं आहे आणि अनुवाद या पुस्तकाचा २८ वा अध्याय मोशेपुढे उभ्या असलेल्या इस्राएलाला सांगितलेला आहे. मग ख्रिस्ती माणसानं ते आशीर्वाद आपले कशाच्या आधारावर म्हणायचे?

मार्क ११:२४ सांगतं की जे मागाल ते मिळालंच आहे असा विश्वास धरा. मग तीच गोष्ट पुन्हा मागणं हा अविश्वास ठरतो का?

आणि वर्षं लोटली तरी काहीच दिसत नसेल, तर चूक नेमकी कुठे शोधायची?

कृपया संदर्भ द्या, म्हणजे शास्त्र उघडून पडताळता येईल.

बिरुयाकर

पालवी, सलाम. पहिल्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण पुढचा बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

अभिवचन हाती घेतलं की आधी त्यावरचा पत्ता वाचावा. ते कोणाला दिलं, कोणत्या अटीवर दिलं आणि किती मुदतीचं आहे? तुम्ही दिलेलं यिर्मया २९ हे खरोखरच एक पत्र आहे. इ. स. पूर्व ५९७ मध्ये यखन्या राजाबरोबर बाबेलात नेलेल्या लोकांना ते यरुशलेमेहून पाठवलं. अकराव्या ओवीच्या (वचनाच्या) अगदी आधी, दहाव्या ओवीत मुदत लिहिली आहे: ७० वर्षं. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांचा शेवट बाबेलातच होणार होता. ओवी ५ ते ७ मधल्या सूचना त्याला धरूनच आहेत: घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. त्याआधीच्या अध्यायात हनन्या नावाचा खोटा संदेष्टा दोन वर्षांत सगळं परत येईल असं सांगतो, आणि ते खोटं ठरतं. अकरावी ओवी दहावीपासून तोडली की आपल्या हाती यिर्मयाची ओवी असते, पण अपेक्षा हनन्याची असते.

मग ते आपलं नाही का? आहे, पण ख्रिस्ताच्या दारातून. २ करिंथ १:२० म्हणतं की देवाची अभिवचनं कितीही असोत, त्यांचं "होय" ख्रिस्तामध्ये आहे. हे कसं घडतं, याचा नमुना इब्री १३:५ मध्ये मिळतो. "मी तुला सोडणार नाही" हे शब्द यहोशवाला युद्धाच्या तोंडावर मिळाले होते (यहोशवा १:५). पत्रलेखक तेच शब्द द्रव्यलोभाबद्दल बोलताना सर्व विश्वासणाऱ्यांना लावतो. यहोशवाकडून आपल्याकडे काय आलं ते नीट पाहा. देवाची सोबत आली. यार्देनेपलीकडची जमीन आली नाही. देवाचा स्वभाव, त्याची सोबत, क्षमा आणि त्याचा आत्मा यांबद्दलची अभिवचनं ख्रिस्तात आपल्यापर्यंत थेट पोचतात. विशिष्ट भूमी, विशिष्ट पीक किंवा विशिष्ट शत्रू यांबद्दलच्या अभिवचनांतून देव कसा आहे ते कळतं, पण त्यांतला तपशील आपल्या नावावर चढत नाही.

अनुवाद २८ मध्ये ६८ ओव्या आहेत. आशीर्वाद पहिल्या १४ मध्ये आणि शाप उरलेल्या ५४ मध्ये. सुरुवातच "जर" या शब्दानं होते. पहिल्या १४ स्वतःच्या आज्ञापालनाच्या जोरावर मागितल्या, तर उरलेल्या ५४ सुद्धा त्याच करारात आहेत. पौल दुसरी वाट दाखवतो (गलती ३:१०-१४). शाप ख्रिस्तानं स्वतःवर घेतला आणि अब्राहामाचा आशीर्वाद परराष्ट्रीयांपर्यंत आला. त्या आशीर्वादातून काय मिळतं तेही तो तिथेच सांगतो: अभिवचन दिलेला आत्मा.

जाता जाता एक गोष्ट. नीतिसूत्रांतलं प्रत्येक वाक्य अभिवचन नसतं. नीतिसूत्रे २२:६ (मुलाला योग्य वळण लावा, म्हातारपणीही तो ते सोडणार नाही) सुज्ञपणाचा नियम सांगतं. मुलं भरकटलेल्या आईबापांना ते वचन पुराव्यासारखं दाखवणं क्रूर आहे.

सुरुवात करायची तर थेट विश्वासणाऱ्यांना दिलेली आणि अट स्पष्ट असलेली चार घ्या: १ योहान १:९ (अट: पाप कबूल करणं), याकोब १:५-६ (अट: संशय न धरता मागणं), मत्तय ६:३३ (अट: आधी त्याचं राज्य आणि नीतिमत्त्व), फिलिप्पै ४:६-७ (अट: उपकारस्तुतीसह मागणी). शेवटच्या वचनात शांतीचं अभिवचन आहे. परिस्थिती बदलेल असं तिथे म्हटलेलं नाही, आणि निम्मे लोक हेच वाचायचं विसरतात.

दानीएलाची_खिडकी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: पुन्हा मागणं हा अविश्वास नाही. १ राजे १८:१ मध्ये देव एलीया संदेष्ट्याला स्पष्ट सांगतो की मी पाऊस पाठवणार आहे. तरीही त्याच अध्यायाच्या शेवटी एलीया कर्मेलावर गुडघ्यांत डोकं घालून बसतो आणि चाकराला सात वेळा समुद्राकडे बघायला पाठवतो. सातव्यांदा तळहाताएवढा ढग दिसतो. पाऊस येणार हे ठरलेलं होतं, आणि प्रार्थनाही हवी होती. दानीएल ९ मध्येही हेच आहे. यिर्मयाची ७० वर्षं भरत आली हे वाचल्यावर दानीएल "आता आपोआप होईल" म्हणून बसून राहत नाही. तो उपास करतो, गोणपाट नेसतो आणि लोकांचं पाप स्वतःचं म्हणून कबूल करतो. तारीख कळल्यामुळेच तो प्रार्थनेला बसला.

शब्द कसे असावेत, यासाठी उत्पत्ती ३२:९-१२ मधली याकोबाची (इसहाकाच्या मुलाची) प्रार्थना घ्या. चारच ओव्या आहेत, पण सगळे भाग त्यात सापडतात.

आधी तो देवाला त्याच्याच आज्ञेची आठवण करून देतो: तूच मला परत जा म्हणालास. मग स्वतःची पात्रता खोडून टाकतो: मी लायक नाही, फक्त काठी घेऊन यार्देन ओलांडली होती, आज दोन टोळ्या झाल्या. मग भीती नाव घेऊन सांगतो: माझा भाऊ एसाव येऊन मला आणि लेकरांसह त्यांच्या आयांना मारेल. आणि शेवटी पुन्हा "पण तूच म्हणालास" असं म्हणत संततीच्या अभिवचनावर येतो.

दावीद (२ शमुवेल ७:२५) आणि नहेम्या (१:८-९) यांच्या प्रार्थनांचा गाभाही "तू बोललास तसं कर" हाच आहे. शास्त्रात हक्क सांगणं म्हणजे हेच: देवाचा शब्द देवासमोर ठेवणं. हवेत जाहीर घोषणा करणं किंवा परिस्थितीला हुकूम सोडणं यात येत नाही. हक्काचा आधार त्याचं बोलणं आहे. आपला आवाज किती चढला याचा त्याच्याशी संबंध नाही.

आणि आमेन म्हटल्यावर याकोब काय करतो तेही पाहा. एसावासाठी तो भेट काढतो, पिल्लं सोडून ५५० जनावरं (ओवी १४-१५). काही टीकाकार याला त्याची जुनी चलाखी म्हणतात. मला तसं वाटत नाही. ज्या भावाला फसवलं त्याला भरपाई देणं हा त्या प्रार्थनेचाच भाग होता.

मार्क ११:२४ वाचताना ओवी २२ आणि २५ सोडू नका. आधी "देवावर विश्वास ठेवा" आहे आणि नंतर "प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा क्षमा करा" आहे. विश्वास देवावर ठेवायचा आहे, आपल्या विश्वासावर नाही. क्षमेची अट तर बहुतेक वेळा वाचलीच जात नाही.

रोजच्या वापरासाठी एक वही करा. डाव्या पानावर अभिवचनाचा संदर्भ, मूळ पत्ता, अट आणि मुदत लिहा. उजव्या पानावर तारीख, एका वाक्यात नेमकी मागणी आणि त्या अटीबाबत आज करायची एक गोष्ट. एका वेळी तीनपेक्षा जास्त घेऊ नका. आठवड्यातून एकदा त्या ओवीचा अख्खा अध्याय वाचा. दोन-तीन महिन्यांत बऱ्याचदा उजव्या पानावरची मागणी बदललेली दिसते. ते अपयश नाही. वचन मागणीला आकार देत असतं (योहान १५:७: माझी वचनं तुमच्यात राहिली तर).

कालेब_८५

वरच्या दोघांनी मागण्याबद्दल लिहिलं. मी मिळालेल्यात वाढण्याबद्दल लिहितो, म्हणजे तिसऱ्या प्रश्नाबद्दल.

आपल्या मराठी शास्त्रात "वतन" हा फार नेमका शब्द आहे. वतन नावावर असणं वेगळं आणि ताब्यात असणं वेगळं. निर्गम २३:२९-३० मध्ये देव इस्राएलाला म्हणतो, मी कनान देशातल्या लोकांना एका वर्षात घालवणार नाही, हळूहळू घालवीन. का? तर देश ओसाड पडेल, रानपशू वाढतील, आणि तुम्ही अजून पुरेसे वाढलेले नाही. म्हणजे उशिराचं कारण देवानं आधीच सांगून ठेवलं होतं. जमीन तयार होती, ती सांभाळणारी माणसं पुरेशी नव्हती.

पण प्रत्येक उशीर असा नसतो. यहोशवा १८:३ मध्ये सात वंश वतनाविना बसलेले आहेत आणि यहोशवा विचारतो, किती दिवस ढिलाई करणार? इथे उशीर त्यांच्यामुळे झाला. त्यावरचा त्याचा उपायही अगदी व्यवहारी आहे. प्रत्येक वंशातून तीन माणसं निवडली, त्यांनी देश फिरून नगरांची नोंद पुस्तकात केली, सात भाग पाडले, आणि मग शिलो येथे चिठ्ठ्या टाकल्या. काय ताब्यात नाही याची यादीच केलेली नसेल, तर ताबा घेणार कशाचा?

म्हणून आधी हे ओळखा: थांबणं निर्गम २३ चं आहे की यहोशवा १८ चं? वचनातून कळलेली एखादी स्पष्ट आज्ञा तुम्ही पाळत नसाल, तर ते दुसऱ्या प्रकारचं आहे. तसं काही नसेल आणि तुम्ही विश्वासूपणे चालत असाल, तर ते पहिल्या प्रकारचं असू शकतं. अब्राहाम हारान सोडताना ७५ वर्षांचा होता आणि इसहाक झाला तेव्हा १००. मधली २५ वर्षं वाया गेली नाहीत. पण ८६ व्या वर्षी दासी हागारेपासून इश्माएल झाला, कारण घरानं अभिवचन आपल्या युक्तीनं पुरं करायला घेतलं. घाईची ही नेहमीची चूक आहे: वस्तू बरोबर, वाट चुकीची.

वाढीसाठी २ पेत्र १:४-८ घ्या. चौथ्या ओवीत अमूल्य अभिवचनं आहेत आणि लगेच पाचवीत "भर घाला" असं आहे. विश्वासात सात गोष्टींची भर: सात्त्विकता, ज्ञान, इंद्रियदमन, धीर, सुभक्ती, बंधुप्रेम, प्रीती. अभिवचन मिळालं म्हणून हे करायचं आहे, मिळावं म्हणून नाही. क्रम उलटा केला की कृपेची मजुरी होते. वहीतल्या प्रत्येक अभिवचनासमोर या सातांपैकी कशाची कमी आहे ते लिहा. पैशाची तरतूद मागत असाल तर बहुतेक वेळा इंद्रियदमन, म्हणजे खर्चावरचा ताबा. तुटलेलं नातं जुळावं असं मागत असाल तर धीर आणि बंधुप्रेम.

गलती ४:१-२ याच संदर्भात फार वापरतात: वारस लहान असेपर्यंत दासासारखाच असतो. तिथे पौल व्यक्तीच्या परिपक्वतेबद्दल बोलत नाही. तो नियमशास्त्राच्या काळाबद्दल आणि ख्रिस्ताच्या येण्याबद्दल बोलतो. वापरायचं तर हे माहीत असू द्या.

मुठीएवढा_ढग

सगळं पटतं, तरी एक काळजी वाटते. पत्ता, अट, मुदत, संदर्भ बघता बघता माणूस मागायचंच सोडून देतो. २ राजे १३:१८-१९ वाचा. अलीशा इस्राएलच्या राजाला बाण जमिनीवर मार म्हणतो. राजा तीनदा मारून थांबतो आणि देवाचा माणूस रागावतो: पाच-सहा वेळा मारायचे होतेस, आता तीनच विजय मिळतील. अभिवचन नुकतंच स्पष्ट शब्दांत मिळालेलं होतं, तरी त्यानं हात आखडला. याकोब ४:२ सुद्धा म्हणतं, तुम्ही मागत नाही म्हणून तुम्हाला मिळत नाही. लगेच पुढच्या ओवीत चुकीच्या हेतूनं मागण्याबद्दल आहे, हे खरं. पण दुसरी ओवी आधी येते. पालवी, वही जरूर करा, पण ती भीतीपोटी छोटी ठेवू नका.

नवी_पालवी

मनापासून आभार. एवढंच राहिलं: आजारातून बरं होण्यासाठी यशया ५३:५ (त्याला बसलेल्या फटक्यांनी आपल्याला आरोग्य मिळालं) धरतात. तिथे काय करावं? आणि बरं झालं नाही तर "विश्वास कमी पडला" असं म्हणतात, ते बरोबर आहे का?

बिरुयाकर

ढग यांचं म्हणणं मान्य आहे. संदर्भ बघायचा तो मागणं नेमकं व्हावं म्हणून, कमी व्हावं म्हणून नाही.

यशया ५३ बद्दल: मत्तय ८:१७ मध्ये चौथी ओवी येशूनं रोगी बरे करण्याला लावली आहे, तर १ पेत्र २:२४ मध्ये पाचवीतले शब्द पापापासून फिरण्याला लावले आहेत. दोन्ही अर्थ शास्त्रातलेच आहेत, म्हणून एकानं दुसरा पुसू नये. बरं होणं वधस्तंभातच विकत घेतलं आहे, पण आज मिळालेला आत्मा हा विसार आहे (इफिस १:१४). मूळ ग्रीक शब्द "आर्राबोन" व्यवहारातला आहे, सौदा पक्का करणारी आगाऊ रक्कम. विसार खराच असतो आणि बाकी रक्कम देणं बंधनकारक करतो. पण विसार म्हणजे पूर्ण रक्कम नव्हे. शरीराचा पूर्ण उद्धार अजून यायचा आहे (रोम ८:२३).

"विश्वास कमी पडला" हे रोग्याच्या तोंडावर बोलायला शास्त्रात आधार नाही. पौलानं आपला सोबती त्रफिम याला मिलेत नगरात आजारी असताना मागे ठेवलं (२ तीमथ्य ४:२०). तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं (१ तीमथ्य ५:२३). स्वतःच्या शरीरातला काटा (त्याला छळणारा त्रास) दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली आणि उत्तर कृपेचं आलं (२ करिंथ १२:८-९). यांतल्या कोणावरही अविश्वासाचा ठपका नाही. इब्री ११:३९ तर विश्वासाबद्दल साक्ष मिळालेल्या माणसांबद्दलच सांगतं की अभिवचनाची फलप्राप्ती त्यांना झाली नाही.

करायचं काय, ते याकोब ५:१४-१६ मध्ये आहे. रोग्यानं मंडळीच्या वडिलांना, म्हणजे मंडळीची देखरेख करणाऱ्या वडीलधाऱ्यांना, बोलवावं. त्यांनी प्रभूच्या नावानं तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी. पापं एकमेकांजवळ कबूल करावीत. रोग्यानं एकट्यानं आपला विश्वास ताणत बसावं असं तिथे नाही. विश्वासाची प्रार्थना आलेल्या वडिलांनी करायची आहे. औषध बंद करावं असं त्या ओव्यांत कुठेही नाही, आणि वचन धरलं म्हणून ते कोणी बंद करू नये. वहीत डाव्या पानावर हा संदर्भ लिहा आणि उजव्या पानावर या आठवड्यात बोलवायच्या दोन वडिलांची नावं.