नकाशा गप्प बसतो, नाहीतर शिवारात नेऊन सोडतो: उपाय काय करता?

पार्सलवाले, टॅक्सीवाले, जनावरांचे डॉक्टर, मोजणीवाले, दिवसभर गूगल मॅप्सवर गाडी हाकणाऱ्या सगळ्यांनी लिहा. किस्से नकोत. बिघाड काय, कशामुळं आणि कुठलं बटण दाबायचं, तेवढंच.

लातूर, घरपोच पार्सल

आवाज गेला की आधी रस्ता चालू असताना दिसणारं स्पीकरचं चिन्ह बघा. त्याच्या तीन अवस्था आहेत: पूर्ण आवाज, फक्त इशारे, बंद. बोट लागून मधली अवस्था आली की पुढं वाहतूक अडली तर बोलतो, वळण मात्र सांगत नाही. लोकांना वाटतं स्पीकर गेला.

आवाजाचं बटण दाबायचं ते सूचना चालू असतानाच. एरवी रिंगटोन वाढते आणि नकाशा होता तसाच कुजबुजतो.

हेल्मेटच्या ब्लूटूथवर "उजवीकडे" गायब आणि नुसतं "वळा" ऐकू येतं, कारण हेडसेट झोपलेला असतो आणि जागा होईपर्यंत पहिला शब्द गेलेला असतो. बारीक आवाजात गाणं चालू ठेवा. नाहीतर मॅप्सच्या सेटिंग्जमध्ये नेव्हिगेशनखाली ब्लूटूथवर आवाज देण्याचा पर्याय आहे, तो बंद करा, म्हणजे फोनच बोलतो. कारचा स्टिरिओ एफएमवर असेल तरी आवाज हरवतो.

नांदेड, मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह

स्क्रीन बंद झाली की निळा ठिपका गोठतो? बॅटरी सेव्हर काढा. मॅप्सच्या लोकेशन परवानगीत "अचूक स्थान" चालू आहे का तेही पाहा. ते बंद असेल तर फोन अंदाजे भाग तेवढा सांगतो. ऊन्हाळ्यात डॅशबोर्डवर काचेखाली ठेवलेला फोन तापून चार्जिंग थांबवतो, स्क्रीन मंद करतो. एसीच्या झडपेसमोर लावा.

परभणी, शेती अवजारांची डिलिव्हरी

आमच्याकडं निम्मे घोटाळे पत्त्याचे. पिंपळगाव, टाकळी, वडगाव किती आहेत ते मोजून बघा! वर बुद्रुक आणि खुर्द वेगळेच. नुसतं गावाचं नाव टाकू नका, तालुका जोडा. 2023 पासून जिल्ह्यांची नावं छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली, पण जुन्या पावतीवरचा पत्ता औरंगाबाद, उस्मानाबाद म्हणूनच येतो. एका नावानं सापडेना तर दुसरं टाका.

गावाच्या नावाची पिन बऱ्याचदा गावठाणात नसून शिवाराच्या मध्यावर पडते, म्हणून नकाशा तुरीच्या रानात नेतो. गावची जिल्हा परिषद शाळा, नाहीतर मारुतीचं मंदिर शोधून तिथली दिशा मागा. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, जायचं असेल तर शेतकऱ्याला व्हॉट्सअॅपवर लोकेशन पाठवायला सांगा, मात्र त्यानं आखाड्यावर उभं राहूनच पाठवावं. घरून पाठवलं की घरचंच येतं.

लोकेशन अक्षांश-रेखांशाच्या आकड्यांत आलं तर अक्षांश आधी. मराठवाड्यात पहिला आकडा साधारण 17 ते 21, दुसरा 74 ते 79. उलटे टाकलेत तर पिन थेट उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात जाते.

छत्रपती संभाजीनगर, टॅक्सी

चौकात उभं असताना बाण उलटा दिसतो, त्याला बहुतेक चुंबकाचं होल्डर जबाबदार. गाडी पळताना फोन दिशा जीपीएसवरून काढतो, थांबली की होकायंत्रावर येतो, आणि होकायंत्राला चुंबक फसवतं. क्लिपचं होल्डर घ्या. फोन हातात धरून हवेत आठचा आकडा काढा; ठिपक्यापुढचा निळा पंखा अरुंद झाला की समजा जमलं.

जालना रोडवर उड्डाणपुलावर की खाली, हे फोनला कळत नाही, कारण जीपीएसची उंची आडव्या अंतराहून जास्त चुकते. पूल चढण्याआधी पुढचं वळण डोळ्यानं वाचून घ्या. 2024 मध्ये गूगलनं उड्डाणपुलाची सूचना आणली. तरी भरवसा पाटीवरच ठेवा.

समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. मोड कारचा राहिला तर नकाशा बाइकवाल्यालाही तिकडंच ढकलतो. कारवाल्यांनो, इंटरचेंज चुकलं तर मधे यू-टर्न नाही.

बीड, जनावरांचे डॉक्टर

बालाघाटच्या डोंगरात रेंज जाते, जीपीएस जात नाही. त्याला नेट लागत नाही; नेट लागतं ते नकाशाचं चित्र आणायला आणि पहिलं स्थान लवकर पकडायला. प्रोफाइलच्या चित्रावर टिचकी, ऑफलाइन नकाशे, स्वतःचा नकाशा निवडा, चौकोनात जिल्हा बसवा, डाउनलोड. वायफायवर करा. ऑफलाइनमध्ये गाडीचा रस्ता मिळतो, पायी आणि सायकलचा नाही. वाहतूक कोंडीही दिसत नाही.

मॅप्सची कॅश, म्हणजे तात्पुरती साठवण, साफ करायला हरकत नाही. पण त्याच्याच शेजारी "डेटा साफ करा" असतं, त्यानं हे सगळे नकाशे पुसले जातात. बिघाड दिसला की डेटा पुसा, असा सल्ला सर्रास देतात. मला तो पटत नाही.

हिंगोली, मोजणी

पांदण आणि डांबरी, नकाशाला दोन्ही सारखेच. मॅप्समध्ये टोल, महामार्ग, फेरी टाळायची सोय आहे. कच्चा रस्ता टाळायची नाही. ऑस्मअँड या दुसऱ्या नकाशाच्या अॅपमध्ये ती आहे, पण रस्ता कच्चा म्हणून नोंदलेला असेल तरच. पावसाळ्यात काळ्या मातीवर "6 मिनिटं लवकर" वाला पर्याय दिसला की सॅटेलाइट चित्र लावून बघा: शेताच्या बांधाला लागून मातकट पट्टा दिसला तर लांबचा रस्ता धरा. आणि "महामार्ग टाळा" कधीकाळी चालू करून विसरलेलं असेल, तर असले रस्ते रोजच समोर येतात.

जालना, ट्रक

मॅप्सला ट्रकचं वजन, उंची माहीत नाही. कन्नडच्या औट्रम घाटात 2023 मध्ये न्यायालयाच्या आदेशानं जड वाहनांना बंदी आली. धुळ्याकडं भरलेली गाडी नेताना अशा घाटाची चौकशी निघण्याआधी करा आणि नेमून दिलेल्या पर्यायी रस्त्यावरची मोठी गावं थांबे म्हणून टाका. थांबा गावाच्या बाहेर हमरस्त्यावर ठेवा, नाहीतर बाजारपेठेत शिरवतो.