भाडल्याची जमीन म्हणे ‘ओसाड’!

माळरान: परवा इथे सूर्यपुत्र यांनी लिहिलं, ‘राजस्थानातला भाडला सोलर पार्क म्हणजे चमत्कार. १४ हजार एकर ओसाड वाळू, २२४५ मेगावॉट वीज, कुणाचं काही गेलं नाही.’ शेवटच्या चार शब्दांनी डोकं फिरलं. कागदावरची पडीक जमीन म्हणजे मेंढपाळांची चराई असते. देवाच्या नावानं राखलेली ओरणं सरकारी दप्तरात कित्येकदा दिसतच नाहीत. ज्या खेजडीच्या झाडांसाठी १७३० साली ३६३ बिश्नोईंनी जीव दिला, ती बिकानेरकडे सोलरसाठी तोडतात म्हणून लोक आंदोलनाला बसले. वर विजेच्या तारा. माळढोक पक्ष्याला समोरचं कमी दिसतं, अंग जड, ऐन वेळी वळता येत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं, २०२४ मध्ये तो आदेश सैल केला. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात काय उरलंय ते सांगायला नकोच.

सूर्यपुत्र: मग कोळसाच जाळू या! माझं लहानपण विदर्भातल्या एका औष्णिक केंद्राच्या वसाहतीत गेलं. आई कुरडया वाळत घालायची त्या जुन्या धोतराखाली झाकून. संध्याकाळी धोतर झटकलं की राख उडायची. २०१७ मध्ये भाडल्याचा दर युनिटला २ रुपये ४४ पैशांवर आला, तेव्हा कुठे कोळशाला घाम फुटला.

थेट_बांधावरून: हे २.४४ कुणाच्या बिलात दिसले? आमच्याकडे अजून रात्रीची लाइट. तोंडात बॅटरी धरून उसात दारं धरायची, आणि कान बिबट्याकडे.

सूर्यपुत्र: त्यासाठीच तर सरकारची सौर कृषी वाहिनी योजना आहे. दिवसा वीज.

थेट_बांधावरून: आहे ना! प्रकल्प गायरानावर. आता शेरडं तुमच्या गच्चीवर चारू का?

खांबावरचा: तुम्ही सगळे मोटारीला आपोआप चालू करणारा ऑटो लावून ठेवता. लाइट आली की सगळा लोड एकदम, डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळते आणि शिव्या आम्हा वायरमनना. कॅपॅसिटर बसवा म्हटलं की कानावर हात.

थेट_बांधावरून: जळालेली डीपी न्यायला-आणायला ट्रॅक्टर कुणाचा असतो? डिझेल कोण घालतं? तोंड उघडायला लावू नका.

खांबावरचा: तारांवर चोरून आकडे कोण टाकतं तेही सांगा की मग.

माळरान: अहो, धागा भाडल्यावर आहे!

सूर्यपुत्र: तर भाडल्यावर बोला. तिथे पॅनेल कोरड्या ब्रशचे रोबो पुसतात, पाणी वाचतं. हे तरी मान्य?

माळरान: मान्य. रोबोंना माझ्यातर्फे शाल-श्रीफळ. पण राजस्थानात दुपारी वीज वाहून न्यायला लाइनी पुरत नाहीत म्हणून चालू प्रकल्पांना उत्पादन कमी करायला लावतात. आधी त्या लाइनी, नि त्याही माळढोकाची वाट सोडून. मग पुढचे १४ हजार एकर मागा.

थेट_बांधावरून: लाइनी होतील तेव्हा होतील. आज रात्री बाराची पाळी माझी आहे, येताय कुणी?