मदत हवी आहे: क्षार धरलेले जुने सोलर पॅनल घरच्या गरम पाण्यासाठी वापरता येतील का?

नमस्कार मंडळी. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडे. आई रोज पहाटे उठून बंब पेटवते. जळण म्हणजे पऱ्हाट्या नाहीतर तुराट्या. थंडीभर अंगणात धूर कोंडतो, आणि तिचा खोकला होळीपर्यंत हटत नाही. हा बंब मला बंद करायचा आहे.

मागच्या महिन्यात भंगारवाल्याकडे दोन चपटे पॅनल दिसले, एका बंद पडलेल्या वसतिगृहाचे. तांब्यासाठी तो ते फोडणारच होता, म्हणून तांब्याच्याच भावानं घेऊन आलो. प्रत्येक १ बाय २ मीटरचा, म्हणजे दोन्ही मिळून दिवसाला साधारण २०० लिटर. टाकी मिळाली नाही.

एक उघडून पाहिला. काळ्या पत्र्याला नऊ उभ्या नळ्या, वर-खाली जाड आडवी नळी. खालच्या नळीच्या तोंडाशी पांढरा थर, डबीत वाळलेल्या चुन्यासारखा. सायकलची तार बोटभर गेली आणि अडली. आमच्या बोअरचं पाणीही असंच, चहाच्या गंजाला आठवड्यात पुट चढतं. काचलोकर ओली होती, ती उन्हात टाकली आहे. दुसऱ्या पॅनलच्या काचेला कोपऱ्यापासून तडा गेलाय.

प्लंबर म्हणतो, संडास धुवायचं अ‍ॅसिड ओता. ओतू का? तडा गेलेली काच चालेल का? आणि टाकी म्हणून प्लास्टिकचा ड्रम पॅनलशेजारी स्लॅबवर ठेवला तर? पहाटे लाइन नसते, त्यामुळे पंप नको.

प्रतिसाद

भाऊ, ते अ‍ॅसिड अजिबात ओतू नका, तांबं आणि डाग दिलेले जोड खाऊन टाकेल. लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड कोमट पाण्यात विरघळवून भरा. फेस येईल, वरचं तोंड उघडंच ठेवा. फेस थांबला की ओतून नवीन भरा. तीन-चार वेळा करावं लागेल. मग पाणी भरून रात्रभर ठेवा, कुठे पाझरतं ते कळेल.

कडक (टफन्ड) काच फुटली की तिचे ज्वारीएवढे दाणे होतात. नुसता तडा आहे म्हणजे आधीच कोणी साधी काच बसवलेली दिसते. ४ मिलिमीटरची काच आधी मापात कापून मग कडक केलेली मागवा, कडक काच नंतर कापता येत नाही.

टाकीचा तळ पॅनलच्या वरच्या टोकापेक्षा फूटभर उंच हवा. गरम पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं, पंप लागत नाही. टाकी खाली राहिली तर रात्री उलटा प्रवाह सुरू होतो आणि पहाटे पाणी गार. प्लास्टिकचा ड्रम नको, उकळत्या पाण्यानं मऊ पडतो. पाइपही साधा पीव्हीसी नको, गरम पाणी सोसणारा सीपीव्हीसी घ्या. तोंड दक्षिणेला, कल ३५ अंश, म्हणजे हिवाळ्यातलं ऊन नीट पडेल.

पण तुमचं खरं दुखणं खारं पाणी आहे. आत कॉइल, म्हणजे वेटोळी नळी, असलेली स्टीलची टाकी घ्या. पॅनल आणि कॉइलमध्ये तेच ते पाणी फिरतं, तिथे गावातल्या आरओचं भरा. बोअरचं पाणी कॉइलबाहेरून तापेल आणि पॅनलमध्ये नवा क्षार धरणार नाही. या फेऱ्याच्या सर्वांत उंच जागी हवेची नळी उघडी ठेवा, ती कधीच बंद करू नका.

धागाकर्ता

दादा, मनापासून आभार. काचेचं बरोबर निघालं, कडेला कटरची खूण आहे. कॉइलच्या टाकीची चौकशी उद्या यवतमाळात करतो. एकच विचारायचं राहिलं: दोन पॅनल एकमेकांना जोडताना थंड पाणी खालच्या डाव्या कोपऱ्यातून दिलं, तर गरम पाणी वरच्या उजव्या कोपऱ्यातूनच घ्यायचं ना?