ताट संपल्याशिवाय उठायचं नाही (अनुभव धागा)

शीतकडी
चवथीला फोंड्याजवळ गावच्या घरी गेलो होतो. मोठ्या काकींनी माझ्या मुलाला (वय ९) वरून खालपर्यंत न्याहाळलं, "केवढा सुटलाय रे हा!" म्हणाल्या आणि त्याच दमात पानात तिसरी नेवरी (करंजी) टाकली. "खा पुता, लाजू नको." पोरगं माझ्याकडे बघत बसलं. खाऊ की नको?

मला एकदम आमचा जुना सोपा आठवला. ताट संपल्याशिवाय उठायचं नाही, हा आईचा कायदा. सगळे हात धुऊन गेलेले, मी एकटी. माशाचं हुमण थंड होऊन भाताला धरलेलं, बोटांवर शितं वाळून कातडी ओढायची. मी हळूच मांजराला घालायचे. शेवटी मांजरानेच घात केला, ते रोज फक्त माझ्याच पाटाजवळ येऊन बसायला लागलं.

अजून पोट भरलं हे मला कळत नाही, ताट रिकामं झालं की कळतं. मुलाचं काय करू ते सुचत नाहीये. तुमच्याकडचं लिहा.

पेडण्याची_सून
आमचं उलट. लेक सव्वा वर्षाची असताना जेवायचीच नाही. मोबाईलवर गाणी लावून एक घास एक तास. सासूबाई म्हणायच्या दृष्ट लागली, मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. डॉक्टरबाईंनी विचारलं दूध किती पिते? म्हटलं लिटरभर. त्या हसल्याच. पहिल्या वर्षात वजन जन्माच्या तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं, मग भूक तशीच कशी राहील म्हणाल्या. वर दुधाने पोट भरलेलं, त्यात लोह नावाला. बाटली बंद, दूध अर्ध्या लिटरच्या आत. पंधरा दिवसांत स्वतः पेजेत हात घालून बसली. भिंत, केस, कान सगळीकडे पेज. कुकर झाला, येते.

खाजेंवाला
"एक घास एक तास" आमच्या दारावर लिहून लावतो 😂

तराजूवाली_बाय
२२ वर्षं अंगणवाडीत वजनं घेतेय, म्हणून दोन शब्द. एका दिवसाच्या वजनावरून काही कळत नाही, तक्त्यावरची रेष बघायची. पाच वर्षांपर्यंत डब्ल्यूएचओचे २००६ चे तक्ते, पुढे १८ पर्यंत आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचे २०१५ चे. मोठ्यांचा बीएमआयचा (उंचीच्या मानाने वजनाचा) आकडा मुलांना लावायचा नाही, वय आणि मुलगा की मुलगी ते धरून बघतात. पाच-सहा वर्षांचं मूल मुळातच सगळ्यात सडसडीत दिसतं. नेमक्या तेव्हाच आज्या येतात, "भुरग्याक खावपाक दिना काय गो?" (पोराला खायला देत नाही की काय?) करत. बऱ्याचदा धडधाकट मूलच उचलून आणतात. खरं खंगलेलं असतं त्याला कोणी आणत नाही, त्याच्या घरी मलाच जावं लागतं.
शीतकडी, नऊ वर्षांच्या मुलाला उपाशी ठेवू नका हो. अशा वाढत्या मुलांत पुष्कळदा वजन आहे तिथे थोपवलं की उंची वाढून जुळतं. एकदा डॉक्टरांकडून तक्त्यावर बघून घ्या.

उंडो_माजी
मी तो "सुटलेला". शाळेत मला उंडो म्हणायचे, म्हणजे गोल पाव. संध्याकाळी पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजला की अख्खी गल्ली माझ्याकडे बघून हसायची. घरी धाकटा भाऊ काटकुळा म्हणून त्याला तळलेली सुंगटं (कोळंबी), मला काकडी. एकाच पंगतीत! मग काय, जत्रेतलं खाजें मी पुस्तकांच्या ट्रंकेत लपवायचो, रात्री गोधडीत चावायचो, कडकड आवाज येऊ नये म्हणून आधी चोखून मऊ करायचो. आईला मुंग्यांनी सांगितलं.
आता माझ्या मुलीच्या बाबतीत, काय आणि कधी ते आम्ही ठरवतो, किती ते ती. एलिन सॅटर म्हणून अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ आहेत, त्यांची ही वाटणी. आणि सगळ्यांना एकच जेवण. काकडी मी आजही खात नाही.

शीतकडी
उंडो, काकडीचं वाचून हसले आणि मग गप्पच झाले. माझा मुलगा आंघोळीला जाताना हल्ली शर्ट आत गेल्यावर काढतो.

पेडण्याची_सून
😔 काकींना सांगा ना एकदा.

शीतकडी
काकींना? तुम्ही आमच्या काकींना ओळखत नाही.

डिचोलीकर
शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचं विकू नये असा एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) २०२० चा नियम आहे. आमच्या पोराच्या शाळेबाहेरचा गाडा बहुतेक टेप लावून ५१ व्या मीटरवर उभा असतो.

खाजेंवाला
५१ व्या मीटरवर काय मिळतं?

डिचोलीकर
शेव-कुरमुरे आणि ते रंगीत पाणी. तुला का?

माटोळी
विषय सोडून विचारते, कोंड्याची खरी पोळी (पोदेराकडची, पावासारखी) म्हापशात कोणाकडे मिळते? आमचा पोदेर हल्ली मैद्यावरच कोंडा भुरभुरवून देतो. मुलं पाव सोडून काही खात नाहीत, निदान पोळी तरी खरी असू दे.

उंडो_माजी
मार्केटात सकाळी लवकर जा. आठनंतर संपते.

पेडण्याची_सून
पोळी नाही मिळाली तर तिझान करा. नाचणी रात्रभर भिजवून वाटायची, गाळायची, गूळ आणि नारळाचा रस घालून ढवळत राहायचं. माझी भिंतीला लावणारी वाटीभर खाते.

माटोळी
ढवळताना गुठळ्या होतात माझ्या.

तराजूवाली_बाय
आच मंद ठेव गो. आणि हात थांबवू नको, फोन आला तरी.

माटोळी
गाळायला गाळणी चालेल?

पेडण्याची_सून
नको, फडका. जुन्या सुती साडीचा.