बेंगल्सने पाचव्या नंबरवर काय घ्यायचं, टॅकल की रिसीव्हर?

सिनसिनाटीकर (२४ एप्रिल २०२१)
येत्या गुरुवारी क्लीव्हलंडला ड्राफ्ट आहे (अमेरिकन फुटबॉलच्या टीम कॉलेजातली पोरं नंबराने निवडतात तो) आणि आपल्या सिनसिनाटी बेंगल्सचा नंबर पाचवा. मागच्या सीझनला ४ जिंकल्या, ११ हरल्या, १ बरोबरीत, आणि हरणाऱ्यांना आधी निवडायला मिळतं, तेव्हा नंबर वरचा मिळणारच, त्यात कौतुक काही नाही. प्रश्न एवढाच की भोक कुठलं बुजवायचं. ऑरेगनचा टॅकल पिनेई स्यूएल घ्यायचा की एलएसयूचा (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) रिसीव्हर, म्हणजे पुढे पळून चेंडू झेलणारा, जमार चेस? माझं मत सरळ आहे, टॅकल. आपला चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक जो बरो, त्याला गेल्या वर्षी पहिल्या नंबरवर आणला आणि १० मॅचमधे समोरच्यांनी त्याला ३२ वेळा आडवा केला. २२ नोव्हेंबरला वॉशिंग्टनविरुद्ध तर गार्डच्या बाजूने माणूस घुसला, पाय सापडला, गुडघाच गेला. त्या गार्डचं नाव मायकेल जॉर्डन (तो नव्हे हो), नाव मोठं लक्षण खोटं. छप्पर गळतंय आणि लोक झुंबर बघायला निघालेत. घरात पोरगा धरून सगळे चेसच्या बाजूने आहेत म्हणून इथे लिहितोय, कुणीतरी मला पाठिंबा द्या.

टिवल्याबावल्या
पाठिंबा नाही मिळणार काका 😀 चेस डोळे झाकून. २०१९ ला एलएसयूने १५ पैकी १५ जिंकल्या तेव्हा चेसचे १७८० यार्ड आणि २० टचडाउन, आणि चेंडू फेकणारा कोण तर हाच बरो. अशी जमलेली जोडी आयती मिळत असताना सोडायची? ए. जे. ग्रीन अ‍ॅरिझोनाला गेला, त्याची जागा रिकामी आहे. लाइनचं, म्हणजे बरोपुढच्या फळीचं म्हणाल तर मार्चमधे रायली रीफला आणलाच की टॅकलला, शिवाय यंदा टॅकलचं पेव फुटलंय, दुसऱ्या राउंडलाही चांगला मिळेल.

सिनसिनाटीकर
रीफ ३२ वर्षांचा आहे आणि करार एका वर्षाचा. हे म्हणजे गळक्या पाइपला चिंधी बांधली आणि प्लंबरला नको येऊस म्हणून सांगितलं. आणि रिसीव्हरची जागा रिकामी कुठाय? बॉइड आहे, हिगिन्सने पहिल्याच वर्षी ९०८ यार्ड काढलेत.

मिरजकर
मी क्रिकेटवाला, मधेच विचारतो, टॅकल म्हणजे नक्की करतो काय? चेंडूला हात तरी लावतो का?

कोपऱ्यातला_काका
मिरजकर, नाही लावत, तीच तर गंमत. फेकणारा क्वार्टरबॅक, त्याच्यापुढे पाच जाडजूड गडी भिंतीसारखे उभे. मधे सेंटर, त्याच्या दोन्हीकडे गार्ड, कडेला टॅकल. समोरचे भिंत फोडून फेकणाऱ्याला चेंडूसकट पाडतात तो सॅक. या पाच जणांचं नाव टीव्हीवर आलं की समजायचं काहीतरी चुकलंय. चांगलं काम केलं तर कुणी विचारत नाही, घरातल्या बाईसारखं.

आता मुद्द्याचं. मी सिनसिनाटीकरांच्या बाजूने. फेब्रुवारीतली सुपर बोल (फायनल) विसरलात का सगळे? कान्सस सिटीचा क्वार्टरबॅक महोम्ससारखा माणूस, पण दोन्ही टॅकल जखमी होऊन बाहेर, मॅचभर जीव मुठीत धरून पळत होता, ३१-९ ने हरले. त्यांच्याकडे काय रिसीव्हर नव्हते? आणि कान्सस सिटी शहाणी निघाली, कालच बाल्टिमोरकडून टॅकल ऑर्लँडो ब्राऊन उचलला, ड्राफ्टची वाटही बघितली नाही.

ओहायोची_सून
मला एक कळत नाही, टॅकल घेतला की प्रश्न सुटला असं सगळे कशावरून धरून चालतात. आपल्याच टीमचं बघा ना, २०१५ ला पहिल्या राउंडला टॅकल, दुसऱ्या राउंडलाही टॅकल, ओब्वेही आणि फिशर, आता पोरं तयार आहेत म्हणून २०१७ ला जुन्या टॅकलला, अँड्र्यू व्हिटवर्थला जाऊ दिलं, तो लॉस एंजेलिसच्या रॅम्सकडे जाऊन अजून खेळतोय आणि आपले दोघं कधीच निघून गेले. २०१८ ला पहिल्या राउंडला सेंटर घेतला, बिली प्राइस, त्याचं काय झालं तेही बघतोच आहोत. लाइन घेणं म्हणजे सेफ हे या गावात तरी कुणी बोलू नये.

कोपऱ्यातला_काका
ताई, मग रिसीव्हर तरी कुठे सेफ आहे हो. २०१७ ला नवव्या नंबरवर जॉन रॉस, ड्राफ्टआधीच्या चाचणीत ४० यार्ड ४.२२ सेकंदात, तिथे त्याआधी कुणी पळालं नव्हतं एवढं. आणि पहिल्या सीझनला कॅच किती? शून्य.

टिवल्याबावल्या
काका, रॉस आणि चेस एका तागडीत घालू नका, तो पळायचा, हा अंगावर माणूस असताना चेंडू हिसकावतो. आणि माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. स्यूएल आला तरी खेळणार कुठे? डाव्या टॅकलला जोना विल्यम्स आहे, तोही पहिल्या राउंडचा, म्हणजे हा उजवीकडे जाणार, तिथे रीफ आहे. मग एकाला आत गार्डला ढकलणार. भोक कडेला नाहीये, मधे आहे, बरोचा पाय मधूनच गेला. पाचवा नंबर खर्चून चुकीची भिंत बांधताय. लाइन म्हणजे पाच जण, एक सोन्याचा आणला तरी बाकीचे चार तेच. रिसीव्हर एकटा मॅच फिरवू शकतो. शिवाय माणूस पटकन मोकळा झाला की चेंडू पटकन हातातून जातो, म्हणजे सॅकही कमीच होतात.

सिनसिनाटीकर
मधे भोक आहे हे मान्य, बिनशर्त मान्य. पण पटकन मोकळा होतो वगैरे कागदावर. लांबचा रूट (ठरलेला मार्ग) पळायला तीन सेकंद लागतात, ते कोण देणार, तुमचे बॉइड-हिगिन्स? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

भडंगप्रेमी
काइल पिट्स घ्या आणि भांडण मिटवा. टाइट एंड आहे, ब्लॉकही करेल आणि कॅचही घेईल.

ओहायोची_सून
भडंगप्रेमी, तो आपल्यापर्यंत येईल तर ना.

सिनसिनाटीकर (१ मे २०२१)
पिट्स चौथ्यावर अटलांटाने नेला. आपण चेस घेतला. स्यूएल सातव्यावर डेट्रॉइटला. दुसऱ्या राउंडला ३८ व्या नंबरवरून ४६ वर खाली घसरलो आणि क्लेमसनचा जॅक्सन कारमन, कॉलेजात टॅकल, इथे म्हणे गार्ड खेळवणार. घरात पेढे वाटले, मी नाही खाल्ला. (खाल्ला, पण नंतर.)

कोपऱ्यातला_काका (ऑगस्ट २०२१)
धागा वर काढतोय. प्रॅक्टिस मॅचमधे चेसच्या हातातून चेंडू सुटतायत आणि कारण काय, तर कॉलेजच्या चेंडूवर पांढरे पट्टे असतात, इथे नसतात, त्यामुळे दिसत नाही. नाचता येईना अंगण वाकडं!!

टिवल्याबावल्या (३ जानेवारी २०२२)
काका कुठे आहात? काल कान्सस सिटीविरुद्ध २६६ यार्ड, ३ टचडाउन. अंगण सरळ झालं वाटतं.

सिनसिनाटीकर (१४ फेब्रुवारी २०२२)
झोप नाही आली म्हणून लिहितोय. काल सुपर बोल रॅम्सकडून २३-२० ने हरलो. आधी कबूल करतो, जानेवारी १९९१ नंतर प्लेऑफमधे एक मॅच जिंकली नव्हती ती टीम सुपर बोलला गेली आणि त्यात चेसचा वाटा मोठा, १४५५ यार्ड, वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू, ठीक. पण सीझनला बरो ५१ वेळा आडवा झाला, टेनेसीला एका मॅचमधे ९ वेळा, काल ७ वेळा. रीफ डिसेंबरमधेच जखमी होऊन बसला, चिंधी सुटली. आणि शेवटचा प्ले, चौथा डाउन (म्हणजे शेवटची संधी), एक यार्ड हवा, चेस वरती मोकळा सुटलेला, त्याच्यावरचा रॅमझी पडलेला, फेकला असता तर कदाचित आज सुट्टी असती गावाला. तेवढ्यात रॅम्सचा डॉनल्ड मधून आला आणि बरोला गरागरा फिरवला. समोरच्या टीमचा डावा टॅकल कोण होता सांगू? ४० वर्षांचा व्हिटवर्थ. विजेत्यांची अंगठी घेऊन गेला.

टिवल्याबावल्या
मधून आला ना? कडेने नाही आला. मी एप्रिलमधेच लिहिलंय वर.

सिनसिनाटीकर
😑

ओहायोची_सून
पोरगा काय म्हणतोय?

सिनसिनाटीकर
रडून झोपला, चेसची १ नंबरची जर्सी घालूनच. नाताळात मीच घेऊन दिली होती. दुकानात लाइनमनची एकही नव्हती, मी विचारलं होतं.